तेवीस नावांची यादी : टिपरेरीच्या हाय शेरीफपदाचा इतिहास

अध्यक्ष महोदय आणि सुहृद श्रोतेहो,

आजच्या व्याख्यानाच्या निमंत्रणपत्रिकेवर छातीला तारा आणि कमरेला पिस्तूल लावलेल्या एका अमेरिकन घोडेस्वाराचे चित्र छापले गेले आहे. ते पाहून जे आले असतील त्यांची निराशा होणार आहे, हे आधीच सांगून टाकतो. मी ज्या शेरीफबद्दल बोलणार आहे तो पिस्तूल क्वचितच वापरत असे. तो मोठा जमीनदार असे, वर्षभरासाठीच पदावर येई, त्या वर्षाचा पगार त्याला मिळत नसे, आणि पद सोडताना त्याच्या तिजोरीला भोक पडलेले असे. तरीही आयर्लंडच्या दक्षिणेतील टिपरेरी या काउंटीत सहा शतकांहून अधिक काळ या पदाभोवती लोक घुटमळत राहिले, त्याची धास्ती घेत राहिले, आणि संधी मिळाली तेव्हा त्याची टिंगलही करत राहिले.

शेरीफ हा शब्द मराठी माणसाला परका नाही. मुंबईत सतराशे सव्वीसच्या सनदेपासून, म्हणजे मेयरच्या न्यायालयाबरोबरच, हे पद आले. डॉक्टर भाऊ दाजी लाड १८६९ मध्ये आणि पुन्हा १८७१ मध्ये मुंबईचे शेरीफ होते, आणि आपल्या पिढीने दिलीपकुमार व सुनील गावसकर यांना त्या मानाच्या खुर्चीवर पाहिले आहे. एकोणिसाव्या शतकातील मुंबईत प्रतिष्ठित नागरिकांनी सह्यांचा अर्ज द्यावा आणि शेरीफने टाउन हॉलमध्ये जाहीर सभा बोलवावी, असा शिरस्ता होता. हाच शिरस्ता आयरिश काउंटीतही होता, आणि सभा बोलवायची की अर्ज दप्तरात दाबून ठेवायचा, हे शेरीफच्या मर्जीवर असल्यामुळे तिथे त्यावरून भांडणेही होत. परंतु मुंबईच्या शेरीफवरून आयरिश शेरीफची कल्पना करू नये. आपल्याकडे उरला तो मान, आणि त्यांच्याकडे मानामागे एक यंत्रणा होती.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. या पदाचा इतिहास लिहिणारे फाशी, फटके आणि घरादारांवरच्या जप्त्या यांपाशी थांबतात. त्या गोष्टी घडल्या, आणि त्यांतली एक मी आज सविस्तर सांगणारच आहे, कारण ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. परंतु हाय शेरीफचे खरे सामर्थ्य त्याने तयार केलेल्या याद्यांत होते, आणि पदाचा ऱ्हास समजून घ्यायचा तर एकेक यादी त्याच्या हातून कशी गेली ते पाहावे लागते. आश्वासन या शेवटच्या भागाचे आहे, तेव्हा अध्यक्षांनी घड्याळावर नजर ठेवावी.

टिपरेरीची निवड मी मुद्दाम केली आहे, कारण तिथे हे पद जितके गुंतागुंतीचे होते तितके फार थोड्या काउंट्यांत असेल. आयर्लंडमध्ये नॉर्मन सत्तेबरोबर तेराव्या शतकात शेरीफ आले. राजाचा महसूल गोळा करणे, न्यायालयाचे हुकूमनामे बजावणे, कैद्यांना ताब्यात ठेवणे आणि वेळ पडल्यास काउंटीतील धडधाकट पुरुषांना हत्यारांसह बोलावणे, ही त्यांची कामे होती. १२९७ च्या आयरिश संसदेसाठी प्रत्येक काउंटीतून दोन सरदार निवडून पाठवण्याचा हुकूम शेरीफांनाच गेला होता, म्हणजे निवडणुकीचे काम त्यांच्याकडे तेव्हापासूनच होते. पण १३२८ मध्ये जेम्स बटलर हा ऑर्मंडचा पहिला अर्ल झाला आणि टिपरेरी त्याला जवळजवळ राज्यासारखी बहाल करण्यात आली. आपल्या हद्दीत न्यायालय, न्यायाधीश आणि शेरीफ नेमण्याचा अधिकार आता त्याचा झाला. राजाने स्वतःकडे चार प्रकारचे गुन्हे तेवढे राखून ठेवले : जाळपोळ, बलात्कार, बाजाराला जाणारा माल वाटेतच अडवणे, आणि जमिनीत सापडलेले गुप्तधन. बाकी चोर, खुनी आणि कर्जबुडवे अर्लचे.

यातही एक मेख होती. काउंटीतील चर्चच्या मालकीच्या जमिनी अर्लच्या अधिकाराबाहेर राहिल्या. त्यांना क्रॉस टिपरेरी असे म्हणत आणि त्या तुकड्यांसाठी राजा स्वतःचा वेगळा शेरीफ नेमत असे. म्हणजे एकाच काउंटीत दोन शेरीफ, एक अर्लचा आणि एक राजाचा, आणि एखादा माणूस नदी ओलांडून कॅशेलच्या आर्चबिशपच्या शेतात उतरला की त्याच्यामागे लागलेला शेरीफ काठावर थबकणार. ही व्यवस्था मध्ये खंडित झाली, १६६२ मध्ये पुन्हा सुरू झाली, आणि १७१५ मध्ये ऑर्मंडचा दुसरा ड्यूक राजद्रोहाच्या आरोपाखाली फ्रान्सला पळाल्यावर कायद्याने कायमची बंद करण्यात आली. क्लॉनमेल या मुख्य गावात मेन गार्ड नावाची कमानींची एक देखणी इमारत आजही उभी आहे. पहिल्या ड्यूकने ती सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्या याच न्यायालयासाठी बांधली होती. तिचे नाव लक्षात ठेवावे, कारण तिथे आपल्याला पुन्हा जायचे आहे.

इतर ठिकाणी शेरीफ येणे म्हणजे इंग्रजी सत्ता येणे असाच अर्थ होता, आणि आयरिश सरदारांना तो नेमका कळला होता. उत्तरेकडील फर्मनाची एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. सोळाव्या शतकाच्या शेवटी डब्लिनच्या लॉर्ड डेप्युटीने, म्हणजे आयर्लंडमधील इंग्रजी सत्तेच्या प्रतिनिधीने, फर्मनाचा प्रमुख ह्यू मॅग्वायर याला कळवले की तुमच्या मुलखात आता शेरीफ पाठवण्यात येईल. मॅग्वायरने उत्तर दिले की आपल्या शेरीफचे स्वागत आहे, परंतु त्याच्या डोक्याची किंमत किती ते आधीच कळवून ठेवावे, म्हणजे माझ्या लोकांनी ते कापले तर तेवढी रक्कम मला मुलखातून वसूल करता येईल. आयरिश कायद्यात खुनाची भरपाई रकमेने होत असल्यामुळे हे उत्तर कायद्याला धरून होते, ही त्यातली खरी गंमत. ती लिहून ठेवली आहे ती इंग्रजांचाच अॅटर्नी जनरल सर जॉन डेव्हिस याने. पुढे १५९३ मध्ये हम्फ्री विलिस नावाचा शेरीफ माणसे घेऊन तिथे गेलाच, मॅग्वायरच्या लोकांनी त्याला चर्चमध्ये कोंडले, आणि त्या प्रकरणातून पेटलेल्या ठिणग्या आयरिश सरदार आणि इंग्रज यांच्यातल्या नऊ वर्षांच्या युद्धापर्यंत पोहोचल्या.

टिपरेरीत अठराव्या शतकात अशी धुमश्चक्री उरली नव्हती. तिथले पद आता सभ्य झाले होते, आणि सभ्यतेचा खर्च फार होता. दर वर्षी न्यायाधीश तीन जमीनदारांची नावे सुचवत आणि डब्लिन कॅसलमधून लॉर्ड लेफ्टनंट, म्हणजे राजाचा प्रतिनिधी, त्यांतला एक निवडत असे. ज्याची निवड होई त्याने वर्षातून दोनदा येणाऱ्या फिरत्या न्यायाधीशांना काउंटीच्या हद्दीवर सामोरे जायचे, चार घोड्यांच्या गाडीतून गावात आणायचे, त्यांच्यापुढे आपल्या घराण्याच्या रंगाचे गणवेश घातलेले भालदार चालवायचे, तुताऱ्या वाजवायच्या आणि त्यांच्या मेजवान्या करायच्या. एखाद्या सत्रात एकही फौजदारी खटला नसला तर शेरीफने न्यायाधीशाला पांढरे हातमोजे भेट द्यायचे, अशी प्रथा होती. टिपरेरीच्या एकोणिसाव्या शतकातील लौकिकाकडे पाहता तिथल्या हातमोजेवाल्याचे दुकान या प्रथेवर चालले नसते.

खर्चापेक्षा जोखीम मोठी होती. कर्जासाठी तुरुंगात ठेवलेला माणूस पळाला तर त्याचे कर्ज सावकार शेरीफकडून वसूल करू शके. फाशीची अंमलबजावणी शेरीफच्या नावावर असल्यामुळे जल्लाद मिळाला नाही तर तत्त्वतः दोर त्यानेच ओढायचा. असे काम आपल्या हातांनी करण्याची कोणाही जमीनदाराची इच्छा नसल्यामुळे प्रत्येक हाय शेरीफ एक उपशेरीफ नेमत असे. तो बहुधा वकील असे आणि वर्षानुवर्षे तोच राही. समन्स, वॉरंट, जप्ती, लिलाव, बेलीफांची नेमणूक, सारे त्याच्याकडे. आपल्या दिवाणी न्यायालयात न्यायाधीश बदलून जातात आणि नाझर मात्र सगळ्यांना ओळखून असतो, तसाच हा प्रकार होता, फक्त या नाझराला पगार नसून प्रत्येक हुकूमनाम्यामागे फी मिळत होती. फी घेणाऱ्याला लोक दुसरेही काही देतात, हे आपल्याला सांगायला नको.

आणि हे पद कोणाला मिळत होते? टिपरेरीच्या शेरीफांची यादी वाचली तर प्रिटी, ओटवे, बॅगवेल, टोलर अशी तीच ती घराणी आलटून पालटून येतात. काउंटीतील बहुसंख्य लोक कॅथलिक होते आणि यादीत ते नाहीत. १७९३ च्या कायद्याने कॅथलिकांना मतदानाचा हक्क दिला, अनेक पदे खुली केली, आणि शेरीफ व उपशेरीफ ही दोन पदे नाव घेऊन वगळली. ती १८२९ च्या मुक्ती कायद्यानंतर मिळाली. न्यायाधीशपदाच्या जोडीला गावच्या उपशेरीफचे पदही सरकारला राखावेसे वाटले, यावरून त्याचे मोल कळते. वंशावळी जुळवणारे हौशी लोक ही यादी चाळतात आणि आपला पणजोबा सापडला की मिटवून ठेवतात. इतिहासकारही तिला परिशिष्टात टाकतात, याचा मला जुना राग आहे.

आता ती गोष्ट. १७९८ मध्ये टिपरेरीचा हाय शेरीफ होता थॉमस जुडकिन-फिट्झजेराल्ड. त्या वर्षी युनायटेड आयरिशमेन या संघटनेचा इंग्रजी सत्तेविरुद्धचा उठाव वेक्सफर्डमध्ये आणि उत्तरेत पेटला, टिपरेरीत तो जवळजवळ झालाच नाही, आणि तो झाला नाही याचे श्रेय आपल्या चाबकाला आहे अशी या गृहस्थाची अखेरपर्यंत श्रद्धा होती. मार्शल लॉ पुकारलेला होता. संशयिताला बांधायचे, फटके मारायचे, आणि कबुलीजबाब मिळेपर्यंत थांबायचे नाही, अशी त्याची पद्धत होती, आणि त्यावरून फ्लॉगिंग फिट्झजेराल्ड हेच त्याचे नाव इतिहासात राहिले. त्याच वर्षी मेयो काउंटीचा शेरीफ असलेल्या डेनिस ब्राउनला तिथले लोक आयरिश भाषेत दोरवाला डेनिस म्हणत, म्हणजे हा काही एकट्या टिपरेरीचा विशेष नव्हता.

क्लॉनमेलमध्ये बर्नार्ड राइट नावाचा एक फ्रेंच शिकवणारा मास्तर होता. शेरीफकडे आपल्याविरुद्ध काही कागाळी गेली आहे असे कानावर आल्यावर तो पळाला नाही. निरपराध माणसाला जे सुचते तेच त्याला सुचले, आणि तो आपण होऊन शेरीफपुढे हजर झाला. टोपी काढून अदबीने उभ्या राहिलेल्या या मास्तराला फिट्झजेराल्डने गुडघे टेकायला लावले आणि शिक्षा सुनावली : पाचशे फटके, आणि नंतर गोळी. आरोपपत्र नाही, साक्षीदार नाही, ज्युरी नाही. शिक्षेच्या वेळी मास्तराने प्रार्थनेसाठी वेळ मागितला, तर त्याची टोपी हिसकावून पायाखाली तुडवण्यात आली.

पुरावा एकच होता. मास्तराच्या खिशात एक चिठ्ठी सापडली होती आणि ती फ्रेंच भाषेत होती. ज्या वर्षी फ्रेंच आरमार येणार अशी अफवा रोज उठत होती त्या वर्षी फ्रेंच चिठ्ठी, तीही क्लॉनमेलमध्ये! शेरीफला फ्रेंच येत नव्हते, आणि त्यामुळे त्याची खात्री अधिकच पक्की झाली. पन्नास फटके मारून झाले असताना मेजर रायल नावाचा एक लष्करी अधिकारी तिथे आला आणि कारण विचारू लागला. शेरीफने चिठ्ठी त्याच्या हाती दिली. मेजरला फ्रेंच येत होते. चिठ्ठी एका बॅरनची होती आणि तिच्यात एवढेच लिहिले होते की सर लॉरेन्स पार्सन्स यांच्याकडे जाणे भाग असल्यामुळे ठरल्या वेळी आपल्याला भेटता येत नाही, याचे वाईट वाटते.

शिकवणी घेणाऱ्या कोणत्याही मास्तराच्या खिशात असा कागद असायचाच. मेजरने तसे सांगितले. आता तरी हे थांबेल असे आपल्याला वाटते, आणि ही गोष्ट मी जेव्हा जेव्हा सांगतो तेव्हा श्रोत्यांतून इथे सुटकेचा निःश्वास ऐकू येतो, तसा तो आताही आला. पण शेरीफने फटके पुढे चालू ठेवण्याचा हुकूम दिला. सुरू केलेले काम अर्धवट सोडले तर चूक झाली असे लोकांना वाटेल, हा त्यामागचा विचार असावा. त्यानंतर रक्तबंबाळ अवस्थेत राइटला तुरुंगात टाकण्यात आले आणि कित्येक दिवस वैद्यही भेटू दिला नाही.

राइट वाचला, आणि त्याने जे केले ते मला उठावाइतकेच धाडसाचे वाटते. त्याने शेरीफवर दावा लावला. १७९९ च्या वसंतात क्लॉनमेलच्या न्यायालयात तो चालला आणि ज्युरीने राइटला ५०० पौंड भरपाई दिली. आता इथे माझा मुद्दा डोके वर काढतो. हाय शेरीफचे पद वर्षापुरते असल्यामुळे त्या सत्राच्या ज्युरीची यादी फिट्झजेराल्डच्या हातची नव्हती. ती त्याच्याच वर्गातल्या पुढच्या माणसाच्या कचेरीत तयार झाली होती, आणि तरीही जमीनदारांच्या काउंटीने आपल्याच माणसाविरुद्ध निकाल दिला. यादी दुसऱ्याच्या हाती जाताच निकाल कसा फिरू शकतो, याचे याहून बोलके उदाहरण माझ्याकडे नाही.

पुढचे सांगायला नको होते, पण सांगतो. फिट्झजेराल्डने डब्लिनच्या संसदेकडे संरक्षणाचा अर्ज केला. सरकारी पक्षाने त्याची तारीफ केली, सर जोना बॅरिंग्टनसारख्यांनी विरोध केला, आणि उठाव दडपताना सद्हेतूने केलेल्या कृत्यांना अभय देणारा कायदा अधिक सैल करण्यात आला, जेणेकरून असे दावे पुढे उभे राहू नयेत. १८०१ मध्ये या माणसाला बॅरोनेट हा वंशपरंपरागत किताब मिळाला. मास्तराला पाचशे पौंड, शेरीफला किताब. या व्यवहारात कोण फायद्यात राहिला ते आपण ठरवावे.

शेरीफला कोणी उलट उत्तर दिलेच नाही असे मात्र नाही. टिपरेरीच्या शेजारच्या क्लेअर काउंटीत १८२८ मध्ये डॅनियल ओकॉनेलची ती प्रसिद्ध निवडणूक झाली. कॅथलिक असल्यामुळे निवडून आला तरी संसदेत बसता येणार नाही, हे माहीत असताना तो उभा राहिला होता. निवडणूक चालवायला एनिसच्या न्यायालयात हाय शेरीफ बसले होते. त्यांचे लक्ष सज्जात बसलेल्या एका तरुणाकडे गेले, ज्याने छातीवर हिरवी फीत आणि बिल्ला मिरवला होता. हा ओगॉर्मन मॅहन, ओकॉनेलचा समर्थक. शेरीफने फर्मावले की मी त्या गृहस्थाला सांगतो, त्याने तो बिल्ला काढावा. ओगॉर्मन मॅहनने छातीवर हात ठेवून, मग शेरीफकडे बोट करून, जे सुनावले त्याचा आशय असा : हा गृहस्थ त्या गृहस्थास सांगतो की त्या गृहस्थाने या गृहस्थास स्पर्श करण्याचे धाडस केल्यास हा गृहस्थ त्या गृहस्थापासून, किंवा अन्य कोणत्याही गृहस्थापासून, गृहस्थास शोभेल अशा बाहुबलाने आपले रक्षण करील. बिल्ला तसाच राहिला, ओकॉनेल निवडून आला, आणि पुढच्याच वर्षी कॅथलिक मुक्तीचा कायदा झाला. शेरीफच्या अधिकाराला ओहोटी लागली ती या हशापासून, असे मी म्हणालो तर इतिहासकार मला मारतील, तेव्हा म्हणत नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. ती सुदैवाने मराठीत आहे आणि तिच्यात दहा मिनिटे असे लिहिले आहे. तेव्हा ज्यासाठी आपल्याला बोलावले ते आता भरभर सांगतो.

पहिली यादी ग्रँड ज्युरीची. प्रत्येक सत्रापूर्वी हाय शेरीफ काउंटीतील जमीनदारांमधून २३ नावे काढत असे. फौजदारी खटला उभा राहण्याजोगा आहे की नाही हे तर हे लोक ठरवतच, परंतु रस्ते कुठे बांधायचे, पूल कोणाच्या गढीजवळ व्हावा, तुरुंगाची दुरुस्ती, इस्पितळाचे अनुदान, आणि त्यासाठी काउंटीवर किती कर बसवायचा, हेही तेच ठरवत. म्हणजे ही काउंटीची जिल्हा परिषदच होती, फक्त तिला मतदार एकच होता आणि त्याचे नाव शेरीफ. कर मात्र जमीन कसणाऱ्या कुळांनी भरायचा. यादीत आपले नाव आठवे आले की अकरावे, यावरून घराण्यांत अबोला धरला जात असे. १८३० च्या दशकातील सुधारणांनी प्रत्येक बॅरनीतून, म्हणजे क्लॅनविल्यम, एलिओगार्टी, स्लीव्हार्डा अशा पोटविभागांतून, निदान एक तरी माणूस घेण्याचे बंधन घातले, तरी निवड शेरीफचीच राहिली.

दुसरी यादी खटल्यांच्या ज्युरीची, आणि इथे मेन गार्डमध्ये परत जाऊ. मार्च १७६६ मध्ये फादर निकोलस शीही या कॅथलिक धर्मगुरूवर तिथे खुनाला साथ दिल्याचा खटला चालला. डब्लिनमध्ये तो आदल्याच महिन्यात एका आरोपातून सुटला होता. ज्याचा खून झाला म्हणतात त्याचे प्रेत कधी सापडले नव्हते. डब्लिनच्या ज्युरीने सोडलेला माणूस क्लॉनमेलच्या ज्युरीने दोषी ठरवला आणि १५ मार्चला त्याला फाशी झाली. त्याचे शिर तुरुंगावर टांगलेले वर्षानुवर्षे तसेच होते. १८४८ मध्ये बॅलिंगरीच्या फसलेल्या उठावानंतर विल्यम स्मिथ ओब्रायनवर राजद्रोहाचा खटला याच क्लॉनमेल गावात चालला, तेव्हा बचाव पक्षाने ज्युरीच्या यादीवर आक्षेप घेतला आणि तो फेटाळला गेला. यादी हाय शेरीफच्या नावाने असली तरी लिहिणारा उपशेरीफ होता. ज्युरीत नाव येऊ नये म्हणून श्रीमंत शेतकरी त्याला पैसे देत, आणि यावे म्हणून पक्षकार देत. लॉर्ड ओहेगन या आयर्लंडच्या लॉर्ड चॅन्सेलरने १८७१ मध्ये कायदा करून नावे वर्णानुक्रमे घ्यायला लावली. एवढ्या साध्या उपायाने उपशेरीफच्या हातची सर्वांत किफायतशीर कला गेली. त्यावर लगेच ओरड झाली की ज्युरीत आता अडाणी लोक बसू लागले आहेत. ही ओरड कोण करत होते ते वेगळे सांगत नाही.

तिसरे म्हणजे निवडणूक. १८६९ मध्ये टिपरेरीने ओडोनोव्हन रोसा या फिनियन क्रांतिकारकाला निवडून दिले, जो त्या वेळी इंग्लंडच्या तुरुंगात जन्मठेप भोगत होता. मते जास्त पडली म्हणजे निकाल जाहीर करणे भाग, मग शेरीफच्या पोटात कितीही दुखो. लंडनच्या संसदेने ती निवडणूक रद्द केली, आणि फेरनिवडणुकीत चार्ल्स किकहॅम हा दुसरा फिनियन अवघ्या ४ मतांनी हरला. १८७५ मध्ये जॉन मिचेल या जुन्या बंडखोराला टिपरेरीने एकदा बिनविरोध आणि रद्द झाल्यावर पुन्हा लढवून, असे दोनदा निवडले. सहा शतकांपूर्वी राजासाठी माणसे निवडून पाठवणारे पद आता राजाच्या शत्रूंची नावे जाहीर करत होते.

जमिनीच्या लढ्यात शेरीफचे नाव पुन्हा गाजले, परंतु दारात आला तो उपशेरीफ, बेलीफ आणि पोलीस घेऊन. टिपरेरी गावात १८८९ पासून स्मिथ-बॅरी या जमीनदाराच्या कुळांनी खंड रोखला, शेरीफच्या लिलावात आपले हक्क जाऊ दिले, आणि गावाशेजारी न्यू टिपरेरी नावाची नवी वसाहत उभारली. ती फार टिकली नाही, पण त्यावर स्वतंत्र व्याख्यान द्यायला मी तयार आहे.

मग १८९८ चा स्थानिक स्वराज्याचा कायदा आला आणि ग्रँड ज्युरीचा सारा प्रशासकीय कारभार निवडून आलेल्या काउंटी कौन्सिलांकडे गेला. टिपरेरीला नॉर्थ रायडिंग आणि साउथ रायडिंग अशा दोन कौन्सिली मिळाल्या, ज्या २०१४ मध्ये पुन्हा एक झाल्या. १८९९ च्या पहिल्या निवडणुकीनंतर हाय शेरीफकडे त्या तेवीस नावांतून फक्त फौजदारी काम उरले. तरीही पुढची वीसेक वर्षे दर वर्षी नेमणूक होत राहिली, गणवेश शिवले जात राहिले.

शेवट १९२६ चा. आयरिश फ्री स्टेटच्या, म्हणजे नव्या आयरिश राज्याच्या, कोर्ट ऑफिसर्स कायद्याने हाय शेरीफचे पद रद्द केले आणि त्यासाठी कोणी अश्रू ढाळल्याची नोंद माझ्या वाचनात नाही. उपशेरीफांना मात्र हात लावला नाही. यादवी युद्धाच्या काळात कर्जे आणि खंड थकले होते, १९२३ मध्ये वसुलीसाठी त्यांना जादा अधिकार द्यावे लागले होते, आणि बेलीफ काम करेनासा झाला की संस्कृती कोसळू लागल्याचे ते पहिले लक्षण समजावे, अशा अर्थाचे विधान मंत्री केव्हिन ओहिगिन्स यांनी संसदेत केले होते. म्हणून ठरले असे की जो उपशेरीफ आहे तो राहील, आणि त्याची जागा रिकामी झाली की ते काम काउंटी रजिस्ट्रारकडे जाईल. डब्लिन आणि कॉर्क वगळता आज आयर्लंडमध्ये तीच व्यवस्था आहे. टिपरेरीत निवडणुकीचा निकाल जाहीर करणारा आणि घराचा ताबा घेण्याचा हुकूम बजावणारा अधिकारी तोच असतो. उत्तर आयर्लंडच्या सहा काउंट्यांत मात्र, जिथे मॅग्वायरने डोक्याची किंमत विचारली ते फर्मनाही आले, हाय शेरीफ अजूनही दर वर्षी नेमले जातात. ज्युरीची यादी त्यांच्या हाती नाही, आणि कोणी त्यांच्या डोक्याची किंमतही विचारत नाही.